पक्षाघातानंतर सूत्रं स्वतःकडे घेताना: स्वव्यवस्थापन कार्यक्रमात नव्याने येणाऱ्यांसाठी

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की सुरुवातीला सगळं इतरांच्या हातात असतं. गोळ्या कुणीतरी काढून देतं, व्यायाम फिजिओथेरपिस्ट करून घेतो, बीपी मुलगा मोजतो. "आज कसं वाटतंय?" असं डॉक्टरांनी विचारलं तर त्याचंही उत्तर बऱ्याचदा शेजारी बसलेलं माणूसच देऊन टाकतं. पहिले काही दिवस हे ठीक आहे. पुढे मात्र हीच सवय पडते आणि जे करता येण्यासारखं असतं तेही सुटत जातं.

स्वव्यवस्थापन कार्यक्रम नेमका या सवयीवर काम करतो. तो व्यायामाचा वर्ग नाही की आजाराची माहिती देणारी व्याख्यानमाला नाही. स्वतःचं ध्येय ठरवणं, त्याचे छोटे तुकडे पाडणं, लक्षणांवर नजर ठेवणं, अडलं तर वाट काढणं आणि मदत कधी मागायची हे ओळखणं, या गोष्टींचा तिथे सराव होतो. औषधं आणि थेरपी नेहमीसारखीच चालू राहतात.

याने काय होतं आणि काय होत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१६ सालच्या आढाव्यात १४ चाचण्यांमधल्या १८६३ जणांची माहिती एकत्र करून तपासली होती. अशा कार्यक्रमांनी जीवनमान आणि स्वतःवरचा भरवसा सुधारतो, असं त्यात दिसलं. मिटलेली मूठ यामुळे उघडेल अशी आशा धरून येऊ नका. ते काम हाताच्या थेरपीचं आहे.

१. सुरुवात कधी करायची

'जरा बरं वाटू दे, मग बघू' म्हणून थांबू नका. शरीराची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. त्यानंतर वेग कमी होतो, पण सुधारणा थांबत नाही. त्यामुळे वर्ष-दोन वर्षं उलटलेल्यांनाही या कार्यक्रमाचा उपयोग होतो.

नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: बीपी किती असायला हवं, किती श्रम चालतील आणि कोणत्या हालचाली टाळायच्या. तासभर बसवत नसेल तर गटात जाण्याची घाई नको. तोवर घरी एकास एक पद्धतीने सुरू करता येतं.

आणखी एक गोष्ट तपासा. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला पुढे कधी ना कधी नैराश्य येतं. दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. घरचे याला 'आळस' म्हणतात आणि रुग्णही ते मान्य करून बसतो. नैराश्यावर उपचार आहेत. ते न घेता आठवड्याच्या योजना करत बसलात तर त्या एकामागून एक फसतील आणि दोष मात्र तुम्ही स्वतःला द्याल. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी सांगा.

२. कार्यक्रम कसा निवडायचा

बहुतेक कार्यक्रम तीनपैकी एका साच्यातले असतात.

पहिला गटाचा. केट लोरिग यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात बसवलेली पद्धत अशी: सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, १० ते १६ जण आणि दोन प्रशिक्षित संचालक. संचालकांपैकी निदान एकजण स्वतः दीर्घ आजारासोबत जगणारा असतो. ही पद्धत कोणत्याही दीर्घ आजारासाठी आहे. पक्षाघाताची वेगळी दुखणी, म्हणजे बोलणं अडखळणं, एका बाजूचं भान नसणं, मेंदूचा थकवा, तिच्यात आपोआप येत नाहीत. खास पक्षाघातासाठीचा गट मिळत असेल तर तोच घ्या.

दुसरा एकास एक. ब्रिटनमधल्या 'ब्रिजेस' पद्धतीत थेरपिस्ट नेहमीच्या भेटीतच ध्येय, योजना आणि वही यांवर काम करतो. वेगळं कुठे जावं लागत नाही.

तिसरा अगदी छोटा. न्यूझीलंडमधल्या 'टेक चार्ज' पद्धतीत प्रशिक्षित माणूस घरी येऊन रुग्णाशी बोलतो. तुम्ही कोण आहात, काय हवंय, कशाची भीती वाटते, एवढंच विचारतो आणि सल्ला देत नाही. ४०० जणांवरच्या चाचणीत सहा आठवड्यांच्या अंतराने अशी दोन संभाषणं झालेल्यांची तब्येत वर्षभराने, असं संभाषण न झालेल्यांपेक्षा चांगली आढळली. एकाच संभाषणाचा फायदा त्याहून कमी होता. सल्ला न देणारा माणूस इतका उपयोगी पडावा, याचं सल्लागारांना थोडं वाईट वाटत असेल!

नाव नोंदवण्याआधी हे विचारा:

- पक्षाघात झालेली किती माणसं गटात असतील?
- बोलायला त्रास होणाऱ्यांसाठी चित्रं, मोठ्या अक्षरातली पानं, जास्तीचा वेळ अशी सोय आहे का?
- मध्ये विश्रांती किती वेळा? अडीच तासांत एकदाच असेल तर ती पुरणार नाही.
- घरच्या माणसाला सोबत बसता येतं का, आणि काही वेळ त्याला बाहेर बसवतात का?
- कार्यक्रम संपल्यावर पाठपुरावा कोण करतं?

बोलायला त्रास होणाऱ्यांना 'तुम्हाला जमणार नाही' म्हणून परत पाठवणारे कार्यक्रम आहेत. तसं झालं तर स्पीच थेरपिस्टमार्फत एकास एक पद्धत मागा.

गट की एकटं, असा पेच असेल तर गट. दुसऱ्याने दहा वेळा 'जमेल तुम्हाला' म्हणण्यापेक्षा, आपल्यासारखाच लुळा हात असलेल्या माणसाने एका हाताने चेन लावलेली पाहणं जास्त कामी येतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचा सिद्धांत मांडला. यातले बरेच कार्यक्रम त्यावरच उभे आहेत. स्वतः करून पाहणं पहिलं आणि आपल्यासारख्याला करताना पाहणं दुसरं, हे विश्वासाचे मोठे झरे त्यात सांगितले आहेत.

३. फाइल आणि सामान

कागद:

- डिस्चार्ज कार्ड आणि सीटी किंवा एमआरआयचा अहवाल
- चालू औषधांची यादी: नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, कुणी सुरू केलं, कधीपर्यंत
- साखर आणि कोलेस्टेरॉलचे ताजे अहवाल. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) नोंदी
- थेरपिस्टने दिलेला व्यायामाचा कागद
- पाकिटात ठेवायचं कार्ड: नाव, आजार, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कुणाला फोन करायचा

सामान: दंडाला पट्टा लावायचं बीपी मशीन, सात दिवसांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा, जाड वही, जाड मुठीचं पेन, गजर लावता येईल असं घड्याळ किंवा फोन, न घसरणारी चटई.

औषधांच्या यादीत हमखास घोळ होतो. डिस्चार्ज कार्डावरची यादी जुनी असते, नंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी एक गोळी बंद केलेली असते आणि घरात दोन्ही पाकिटं पडून असतात. यादी करताना सगळी पाकिटं टेबलावर मांडा, ताज्या चिठ्ठीशी जुळवा आणि न जुळणारं पाकीट डॉक्टरांना दाखवेपर्यंत बाजूला ठेवा.

४. ध्येय कुणाचं?

पहिल्या भेटीत पहिली दहा मिनिटं रुग्णाने बोलायचं. सोबतच्या माणसाने गप्प बसायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही.

"हात बरा व्हायला हवा" ही इच्छा झाली. ती आज किती पूर्ण झाली हे मोजता येत नाही. त्यापेक्षा हे तीन प्रश्न घ्या: दिवसभरात काय करता येत नाही म्हणून सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटतं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? तुमच्या मनातला चांगला दिवस कसा असतो? उत्तरं वहीत तुमच्याच शब्दांत लिहा. उजव्या हाताने लिहिणारे असाल आणि तोच हात गेला असेल तर दुसऱ्याला लिहायला सांगा, पण तुम्ही बोललात तेच शब्द हवेत. बोलता येत नसेल तर अंघोळ, कपडे, फिरणं, पैसे, नातवंडं, फोन अशी चित्रं समोर ठेवा आणि बोटाने दाखवू द्या.

घरच्यांना 'पडू नये' हे हवं असतं आणि रुग्णाला 'एकट्याने गेटपर्यंत जायचंय'. दोन्ही खरं आहे. असा वाद थेरपिस्टसमोर काढा. घरातल्या घरात तो सुटत नाही, नुसता विझतो.

५. आठवड्याची योजना

सगळा कार्यक्रम वहीतल्या या योजनेच्या पानावर चालतो. दर आठवड्याला पाच गोष्टी लिहायच्या: काय, किती, कधी, आठवड्यातून किती वेळा, आणि हे जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती. खात्री ७ पेक्षा कमी आली तर योजना छोटी करा. आकडा फुगवू नका, काम कापा. सातही दिवस लिहू नका. तीन-चार दिवस लिहिले की एखादा दिवस बुडला तरी आठवडा वाया जात नाही.

उदाहरण म्हणून शर्ट घ्या. हातांच्या, टेकायच्या खुर्चीत बसायचं, तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले. ढगळ शर्ट मांडीवर पसरायचा आणि कमजोर हाताची बाही दोन्ही मांड्यांच्या मध्ये लोंबू द्यायची. कमजोर हात चांगल्या हाताने उचलून त्या बाहीत सोडायचा आणि थोडं पुढे वाकायचं, म्हणजे हात वजनाने खाली उतरतो. मग बाही कोपराच्या वर, थेट खांद्यापर्यंत ओढायची. नव्वद टक्के फजिती इथेच होते असं म्हटलं तरी चालेल: बाही कोपराखाली राहते, शर्ट पाठीमागे नेताना सुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. बाही खांद्यावर बसली की कॉलर धरून शर्ट मानेमागून फिरवायचा आणि चांगला हात घालायचा. बटणं खालून वर लावली की वर-खाली होत नाहीत. काढताना उलटं, चांगला हात आधी बाहेर.

आता याची योजना. पहिला आठवडा: 'कमजोर हाताची बाही खांद्यापर्यंत, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी, १५ मिनिटं हातात ठेवून. पुढचं घरचे करतील. खात्री ८.' दुसऱ्या आठवड्यात कॉलर मानेमागून. बटणं तिसऱ्या किंवा पाचव्या आठवड्यात, जेव्हा जमतील तेव्हा.

घरच्यांनी पंधरा मिनिटं हात पाठीमागे बांधून बसावं. बाही अडकलेली बघवत नाही, हे खरं. पण बाहेर जायची घाई असेल त्या दिवशी सराव ठेवूच नका. घाईत ओढून घातलेला शर्ट सराव आणि खांदा, दोन्ही बिघडवतो.

६. गोळ्या आणि बीपी

बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. रक्त पातळ करणारी, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी पुढचा झटका टाळण्यासाठी असते. ती लागू पडतेय हे 'वाटण्यातून' कळत नाही. एक खास गोंधळ: काहींना सुरुवातीला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या ठरावीक मुदतीपुरत्या देतात आणि मग एकच चालू ठेवतात. कुणी दोन्ही वर्षभर घेत राहतं आणि रक्तस्रावाचा धोका ओढवून घेतं, तर कुणी मुदत संपली म्हणून दोन्ही सोडून देतं. यादीतला 'कधीपर्यंत' हा रकाना त्यासाठीच आहे. चुकलेली गोळी भरून काढायला दुप्पट घेऊ नका.

बीपी मोजताना: आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीला. एक मिनिटाच्या अंतराने दोन वाचनं, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, डॉक्टरांच्या भेटीआधी सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. स्नायू ताठर झालेल्या हातावर आकडा चुकू शकतो, म्हणून कोणत्या हातावर मोजायचं ते डॉक्टरांना विचारा आणि मग दर वेळी तोच हात ठेवा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. बऱ्याच जणांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य असतं, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांचा.

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, तोल किंवा दृष्टी जाणं, कधी नव्हे अशी प्रचंड डोकेदुखी, यातलं काहीही अचानक झालं तर वही बाजूला ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. पाच मिनिटांत बरं वाटलं तरीही. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास तिथून मोजले जातात. घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका; झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

७. थकवा

पक्षाघातानंतरचा थकवा झोपेने पूर्ण जात नाही आणि केलेल्या कामाच्या प्रमाणातही नसतो. चार पाहुण्यांशी अर्धा तास बोलणं हे अर्धा तास चालण्यापेक्षा जास्त दमवू शकतं. बाहेरून काहीच दिसत नसल्याने घरच्यांचा विश्वास बसत नाही, आणि त्यावरून घरोघरी कुरबुरी होतात.

तीन दिवस दर दोन तासांनी थकव्याला ० ते १० मध्ये आकडा द्या आणि शेजारी काय चाललं होतं ते लिहा. चढण कुठे आहे ते दिसतं. बहुतेकांच्या वहीत अंघोळ, व्यायाम आणि दवाखाना एकाच सकाळी सापडतात. ते वेगळे करा. दमल्यावर विश्रांती घेऊ नका, दमण्याआधी घ्या: वीस-तीस मिनिटं काम, मग पाच-दहा मिनिटं टीव्ही आणि फोनशिवाय पडून राहणं. दुपारची झोप अर्ध्या तासाची, लवकर.

खरा सापळा चांगल्या दिवसाचा. एक दिवस ताजंतवानं वाटतं, माणूस साठलेली सगळी कामं उरकतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा फार पुढे जाऊ नका.

थकवा वाढतच असेल तर तपासणी हवी. रक्ताल्पता, थायरॉइड, झोपेत श्वास अडणं, नैराश्य किंवा एखादं औषध, यापैकी काही सापडलं तर त्यावर इलाज होतो.

८. खांदा, पाय आणि पडणं

कमजोर हात धरून कुणीही, कधीही ओढू नये; उठवतानाही नाही. खांद्याला धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात आणि सांधा खाली सरकतो. बसल्यावर हात उशीवर किंवा टेबलावर टेकलेला असू द्या. डोक्यावरच्या कप्पीवर दोरी ओढायचा व्यायाम अजूनही सर्रास सांगितला जातो. तो टाळा, खांदा दुखावतो. बोटं आधीच मिटलेली असतील तर चेंडू दाबत बसण्याआधी थेरपिस्टला विचारा. अशा हाताला उघडण्याचा सराव जास्त लागतो.

काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, कठडा चांगल्या हाताकडे. सुटे गालिचे उचला, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा, चप्पल मागून पट्ट्याची घ्या.

खाताना-पिताना ठसका लागत असेल, घास गालात साठत असेल किंवा नंतर आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा येत असेल, तर हा विषय स्वतः हाताळायचा नाही. स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. गाडी चालवणंही डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत बंद.

९. बोलणं अडतं तेव्हा (घरच्यांसाठी)

एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. शब्द सुचवायची घाई नको. हवा आहे का ते आधी विचारा. टीव्ही बंद. शब्द सापडत नाही म्हणजे अक्कल गेली असं नाही, तेव्हा लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नका.

१०. योजना फसली तर

फसेलच, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नवेपणा ओसरला की. तेव्हा 'माझ्याच्याने होत नाही' असं लिहू नका. नेमकं काय अडलं ते लिहा.

समजा 'संध्याकाळी दहा मिनिटं चालणं, चार दिवस' ठरलं आणि एकच दिवस झालं. कारण शोधा: पाय दुखला, कंटाळा आला, सोबत कुणी नव्हतं, की तोवर दमायला झालं? वही बघितली तर संध्याकाळी थकवा ८ दिसतो. आता उपायांची यादी करा, वेडेवाकडे उपायही लिहा: सकाळी चालणं, पाच-पाच मिनिटं दोनदा, त्या दिवशी अंघोळ दुपारी, घरातच चालणं. एक निवडा, दोन आठवडे करून बघा. नाही जमलं तर यादीतला पुढचा. सगळेच संपले तर गटात किंवा थेरपिस्टला विचारा. काही अडचणी आज सुटत नाहीत. त्या वेळी ध्येय बाजूला ठेवून दुसरं घ्यायला हरकत नाही.

११. सहा आठवड्यांनंतर

शेवटच्या बैठकीतच पुढची तारीख घ्या. नंतर घेऊ म्हटलं की ती घेतली जात नाही. गटातल्या एका माणसाशी आठवड्यातून एकदा फोनवर बोलायचं ठरवा: दोघांनी आपापली योजना वाचून दाखवायची, पाच मिनिटं पुरतात. गोळ्यांची यादी दर तपासणीनंतर त्याच दिवशी नव्याने लिहा आणि जुनी फाडून टाका. तीन महिन्यांनी पहिल्या पानावरचे तीन प्रश्न पुन्हा स्वतःला विचारा. उत्तरं बदललेली असतील तर ध्येयही बदला. जुनं ध्येय पुरं झालं नाही म्हणून ते ओढत न्यायची गरज नाही.